सोन्यासाठी नेलेली पोती

१९५५च्या आश्विनात आम्ही तीन शहाणे सोनं आणायला निघालो, तेव्हा सोबत चार पोती होती. एकात शिधा, आणि तीन रिकामी, सोनं भरायला. हसू नका. चाकणच्या माणसाला लक्ष्मी पोत्यानंच मोजायची सवय. कांदा पोत्यात, बटाटा पोत्यात, मग सोनं काय ओंजळीत आणायचं?

भीमाशंकरच्या रानात ओढ्याच्या वाळूत सोनं सापडतं, असं एका फिरत्या कापडवाल्यानं बाजारात सांगितलं होतं. पिवळा चमकता खडाही दाखवला होता. झालं, मी, शेजारचा भिमाजी आणि माझा मेहुणा मालोजी, तिघंही भुललो. मालोजीला पंधरा दिवसांनी पिंपरीच्या नव्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं. "तेवढ्यात जाऊन येऊ की, दाजी," म्हणाला.

माझी बायको तानाबाई चुलीपुढून उठलीच नाही. "जावा. पर पोती मोकळी आणू नगा म्हंजे झालं," असं टोचून बोलली. मग उंबऱ्याशी येऊन हळूच म्हणाली, "माझा भाऊ तेवढा धड आणा." आईबाप गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता.

वाडा गाव मागं पडलं आणि रस्ताच संपला. पाऊस जायचं नाव घेईना. कारवीच्या दाट झुडपांतून वाट काढताना अंग सोलून निघालं, पोटऱ्यांना जळवा लागल्या. चौथ्या दिवशी भाकरीवर बुरशी आली, ती खरवडून खाल्ली. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून परातीत वाळू घोळवत राहिलो. सातव्या दिवशी पिवळे कण चमकले, तसा भिमाजी नाचायलाच लागला. मी ते दगडावर घासले, तर काळी भुकटी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो होतो, दुसरं काय!

परत फिरताना मालोजी शेवाळलेल्या खडकावरून घसरला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. दुपारपर्यंत त्याला ताप चढला. "दाजी, तुमी जावा, मी ऱ्हातो हितंच," असं बडबडू लागला. मी त्याला कचकचीत शिवी दिली आणि तोंड फिरवून रडलो. तानाबाईला काय तोंड दाखवणार होतो?

हरवलेली म्हैस शोधत एक म्हातारी तिथं आली. गोजाबाई तिचं नाव, कमरेला कोयता. तिनं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला, दोन लांब बांबू तोडले आणि विचारलं, "पोती हायती का?"

मी तिन्ही पोती पुढं केली. दोहोंचे तळ फाडून तिनं त्यांतून बांबू ओवले, तिसरं मालोजीच्या अंगावर घातलं.

"मोकळी पोती कशापायी आणली रं एवढी?"

मी खरं ते सांगितलं. म्हातारी पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "चल, उचल आता."

मी आणि भिमाजीनं ती झोळी तिच्या वस्तीपर्यंत नेली. तिथल्या चौघांनी ती शिवेपर्यंत आणली आणि हाक घातली. पुढच्या गावचे चौघे हातातलं काम टाकून आले. रानातली रीतच तशी. आजारी माणूस आपल्या शिवेपर्यंत पोचवायचा, तिथून पुढचं गाव खांदा देतं. अशा सात गावांनी माझा मेहुणा वाहिला. कुणी जात विचारली नाही, कशाला आला होता तेही नाही. गोजाबाईखेरीज कुणाचंच नाव मला ठाऊक नाही, याची आजही लाज वाटते.

खेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता, तर माणूस हाती लागला नसता."

बैलगाडीतून त्याच झोळीत आम्ही त्याला दारात उतरवला. तानाबाईनं भावाच्या तोंडावरून हात फिरवला.

"सोनं न्हाई मिळालं," मी खाली मान घालून म्हणालो.

ती पोत्यावरचा वाळका चिखल नखानं काढत राहिली. मग म्हणाली, "कुणी कुणी वाहिला त्याला?"

मी सगळं सांगितलं.

कारखान्यातली जागा गेली, पण पाय राहिला. संक्रांतीनंतर मालोजी काठी टेकत अंगणात हिंडू लागला, तेव्हा तानाबाईनं ती फाटकी पोती दाभणानं शिवली, नव्या बटाट्यांनी गच्च भरली आणि गाडीत ठेवून मला पुन्हा त्याच वाटेला लावलं.

"शिवंशिवंवर देत जावा," ती म्हणाली. "गोजाबाईच्या वस्तीपातुर. आन् पोती मोकळी आणा."