लिलावाला ठेवलेला दगड

आमच्या पास्टरजींचा आवाज इतका गोड आहे की त्यांनी नुसतं "बसा" म्हटलं तरी बायका डोळे पुसतात. मी नाही पुसत. मी दहावीत आहे, यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, आणि तेव्हापासून, आई म्हणते, माझी जीभ कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्या जिभेनं वाशीमच्या कृपाझरा प्रार्थना भवनात काय केलं ते मी स्वतःच लिहून ठेवते. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच आता भलतंच सांगत फिरून राह्यले.

आम्ही किन्हीराजाचे. घरात मी हेमला, आई, बाबा आणि आबा, म्हणजे माझे आजोबा जानराव. रविवारी टेम्पोत कोंबून वाशीमला जायचं. भवन म्हणजे भलामोठा हॉल. आत एसी, भिंतभर स्क्रीन, ड्रम, कीबोर्ड. बाहेर पास्टर उत्कर्ष यांची पांढरी गाडी, मागच्या काचेवर लिहिलेलं, "प्रभूची देणगी". प्रभूनं कोणत्या शोरूममधून घेतली, असं मी एकदा विचारलं होतं. आईनं काढलेला चिमटा आठवडाभर निळा होता.

हे भवन कोणत्या जुन्या मिशनचं नाही. वर बिशप नाही, खाली कमिटी नाही. ट्रस्ट आहे, त्यात पास्टरजी, त्यांच्या मिसेस आणि त्यांचे साळे नानाजी. संपलं. हिशोब विचारला की पास्टरजी वर बोट दाखवतात. वर पंखा आहे.

आता कापणीचा सण सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. सोयाबीन निघालं की स्टेजसमोर लांब टेबल मांडतात. आपल्या शेतातली, परड्यातली वस्तू तिथं आणून ठेवायची. कोणी कोहळं आणतं, कोणी कोंबडी, कोणी तिळाची पुरचुंडी. मग प्रार्थनेनंतर लिलाव. नानाजी वस्तू वर धरून कोणाच्या शेतातली ते पुकारतात आणि बोली सुरू. देवाच्या कामासाठी म्हणून लोक असे पेटतात की एक कोहळं बकरीच्या भावानं जातं. सगळ्यांची काढणी एकदम होत नाही, म्हणून टेबल महिनाभर दर रविवारी लागतं. नियम दोनच. टेबलावर ठेवलेली वस्तू नाकारायची नाही आणि बोलीशिवाय हलवायची नाही, मग ती चार मिरच्या का असेना. आणि ज्याची बोली, त्यानं पैसे तिथंच, सगळ्यांसमोर, आपल्या खिशातून काढायचे. हे नियम पास्टरजींनीच लावलेले, आणि सगळ्यात मोठी बोलीही त्यांचीच असते. त्यांनी आकडा सांगितला की सगळा हॉल "हालेलुया!" करून उठतो.

गेली काही वर्षं या लिलावाचा पैसा एकाच कामासाठी होता, कबरस्थानाच्या जागेसाठी. आमच्यासारख्या खेड्यातल्या विश्वासणाऱ्यांना पुरायला जागा नाही. माझी आजी भागिरथा गेली तेव्हा तिला अकोल्याला न्यावं लागलं. तिथल्या मंडळीनं उपकार म्हणून एक कोपरा दिला. आबांना तिथं जायचं म्हणजे दिवस जातो. त्यांचं तेव्हापासून एकच म्हणणं, "मले मेल्यावर दुसऱ्याच्या उपकारात नका नेऊ. आपली जागा झाली का भागिरथाले बी तिथी आणू." त्यासाठी दरवर्षी पहिलं पोतं त्यांनी लिलावाला दिलं. बाबा म्हणत, जरा कमी द्या. आबा म्हणत, "तू तुह्या बायकोपाशी झोपतं ना? मग मले शिकवू नको." (आईसमोर!)

मागच्या वर्षी पास्टरजींनी जाहीर केलं, जागा मिळाली! बस भरभरून आम्हाला मंगरूळपीरच्या रस्त्यावर एका माळावर नेलं. पांढरा मंडप, बुंदी, ड्रोन कॅमेरा. प्रत्येक घरानं आपल्या शेतातला एक दगड आणायचा होता आणि हद्दीवर ठेवायचा होता. आबांनी आमच्या बांधावरचा काळा दगड निवडला. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मी आजीचं नाव लिहिलं. "भा" जरा मोठा झाला आणि "था"ला जागा पुरली नाही, ते खाली सरकलं. आबांनी तो दगड लेकरासारखा छातीशी धरून नेला. पास्टरजींनी जमिनीवर गुडघे टेकून प्रार्थना केली. मीसुद्धा रडले. हो, त्या दिवशी रडले होते.

आणि या वर्षी, सण लागायच्या आधी, आबा आणि मी आत्याकडे मंगरूळपीरला निघालो होतो. तो माळ दिसला तशी आबांनी कंडक्टरला आवाज दिला, "थांबव रे बाप्पा, माह्या बायकोले भेटून येतो." अख्खी बस हसली. आम्ही उतरलो.

माळावर तूर उभी होती. कमरेएवढी, हिरवीगार. हद्द नाही, दगड नाही.

"कोन हाय रे वावरात?" एक बाई विळा घेऊन आली. नाव सोजरबाई, ते नंतर कळलं. आधी कळल्या त्या शिव्या.

मी म्हटलं, "मावशी, ही आमच्या कबरस्थानाची जागा आहे."

"कायची? कबर? अवं तुह्या तोंडाले लागली आग! माह्या सासऱ्याचं वावर हाय हे!"

"पण मागच्या वर्षी इथं कार्यक्रम..."

"थो मंडपवाला? त्यानं एका दिवसाचं भाडं देल्लं होतं. शूटिंग हाय म्हने. वरून दगडं टाकून गेले मेले. वखर मोडला माह्या पोराचा."

आबा विहिरीकडे बघत होते. विहिरीपाशी सोजरबाईची सून कपडे आपटत होती, काळ्या दगडावर. साबणाच्या फेसातून मोठा "भा" दिसत होता.

मला वाटलं आबा ओरडतील. त्यांनी चप्पल काढली, त्या सुनेला म्हणाले, "बाई, जरा सरक." ओंजळीनं फेस धुतला आणि दगड उचलला. सोजरबाईचा आवाज तिथंच खाली आला. "बाबा, मले का मालूम कोनाचं नाव होतं ते," ती म्हणाली. "बाकीचे बी बांधाले पडले हायेत. ज्याचे त्यायले न्याले सांगजा."

घरी मी भडकले. पास्टरजींना विचारायचंच, नाहीतर पोलिसात जायचं! बाबा म्हणाले, पोलिसात जाऊ नको, लोक हसतील. आई म्हणाली, देवाच्या माणसाला विचारू नये, शाप लागतो. मी म्हटलं, शाप लागायचा तर भाड्याच्या वावरावर गुडघे टेकणाऱ्याला आधी लागेल! आईनं लाटणं उचललं. आबा खाटेवर पडून होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मी मेलो तर मले कोठी नेसान रे?"

त्याच वेळी मी ठरवलं. विचारायचं नाही ना? बरं. देवाला अर्पण तर करता येतं.

सणाच्या रविवारी मी दगड सोयाबीनच्या पोत्यात गुंडाळून नेला आणि कोहळ्यांच्या मधोमध ठेवला. लिलाव रंगात आला. मुन्नाभाऊंची कोंबडी गेली, पेरू गेले. नानाजींनी पोतं उघडलं आणि थबकले.

"हे काय आहे? कोणाची मस्करी आहे?"

"मस्करी नाही, नानाजी. जानरावच्या शेतातली वस्तू," मी उभी राहून म्हटलं. "वर धरा आणि पुकारा. नियम आहे."

लोक हसले. दगड जड होता, नानाजींनी तो पोटाला टेकवला. मी स्पर्धेतल्यासारखी पाठ ताठ केली. "हा दगड मागच्या वर्षी आपण कबरस्थानाच्या हद्दीवर ठेवला होता. मला तो विहिरीवर सापडला. त्यावर लोक कपडे धुतात. तिथं तूर उभी आहे. ते वावर सोजरबाईचं आहे, आणि पास्टरजींनी ते एका दिवसासाठी भाड्यानं..."

पास्टरजींनी कीबोर्डवाल्याला नुसती मान हलवली. गाणं सुरू झालं. ड्रम, कीबोर्ड, टाळ्या, सगळं एकदम! मी ओरडत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. मागची बाई माझी वेणी ओढून म्हणाली, "खाली बस गं, सैतान शिरला का?" आमच्याच टेम्पोतली! आदल्या रविवारी हिनं माझ्याच डब्यातली चटणी खाल्ली होती. आई पदरात तोंड लपवून बसली. बाबांनी माझा हात धरला, तो थांबवायला की आधार द्यायला ते मला अजून कळलेलं नाही.

गाणं संपलं. पास्टरजी माइकवर आले, आवाज तूप-साखर. "लेकरू आहे. कोणीतरी तिचे कान भरले. जे देवाच्या सेवकाकडे बोट दाखवतात त्यांच्या घराचं काय होतं, आपण पाहिलं आहे. ब्रदर जानराव, पोरीला घेऊन बाहेर जा आणि हा दगडही न्या."

आबा उठले. मला वाटलं, झालं, आता क्षमा मागतील. ते टेबलाशी गेले, नानाजींच्या हातातून दगड घेतला आणि परत कोहळ्यांमध्ये ठेवला.

"बोलीशिवाय हालवता येत नाई, पास्टरजी," आबा म्हणाले. "तुमचाच नियम होय. आता चालवा लिलाव."

इतक्या मोठ्या हॉलमध्ये एसीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कोणाची बोली येईना. दगड तसाच, आजीचं नाव लोकांकडे तोंड करून. पास्टरजींच्या कपाळावर घाम आला. मग ते हसले, मोठ्यानं, आणि म्हणाले, "ठीक आहे! वडीलधाऱ्यांचा मान. माझी बोली, अकरा हजार!"

"हालेलुया!" सवयीनं सगळा हॉल उठला.

"नानाजी, दगड उचला, मागे ठेवून द्या," पास्टरजी म्हणाले. आणि माइक तोंडाशीच होता, म्हणून पुढचंही सगळ्यांना ऐकू आलं. "दानाच्या थैलीतून टाका नेहमीसारखे."

नेहमीसारखे.

नानाजींनी खरंच थैलीत हात घातला होता. अकरा हजार त्या थैलीतून काढून त्याच थैलीत टाकायचे! म्हणजे दरवर्षी ज्या बोलीला आम्ही टाळ्या वाजवत होतो ती बोली आमच्याच पैशाची. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याची टाळी अर्ध्यात राहिली, दोन्ही हात तसेच हवेत.

"खिशातून, पास्टरजी," आबा शांतपणे म्हणाले. "आमी खिशातून देतो."

"तुम्ही माझ्यावर संशय..."

"मी इचारलंच नाई काही. खिशातून द्या म्हनलं."

पास्टरजींचा हात खिशाकडे गेला नाही. मिसेस उठून मागच्या दारानं गेल्या. मग हेमलाची पाळी, असं मला वाटत होतं, भाषण तोंडात तयार होतं! पण त्या आधीच वेणी ओढणारी बाई उभी राहिली, रागानं लाल. आधी मला म्हणाली, "तू गप राय पोट्टे." मग स्टेजकडे वळली. "अन् माहा दगड? माह्या लेकाच्या नावाचा होता थो. त्याच्यावर बी कपडे धून राह्यले का?"

पास्टरजींनी माइक बंद केला. सभा संपली म्हणून हातानंच खूण केली. आशीर्वाद द्यायचाही राहून गेला.

तुम्हाला वाटेल, मग लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. छे! टेम्पोवाला म्हणाला, जागा नाही. जागा होती, मला दिसत होती. आम्ही स्टँडवर जाऊन एसटी धरली. दोन गावं गेल्यावर आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "वेणी सोड, नीट घालून देते." आठवडाभर फोनवर मला काय काय म्हटलं गेलं ते इथं लिहीत नाही, कारण हे आबांनाही वाचून दाखवायचं आहे. कोणी म्हणालं आम्ही पैसे खाऊन हे केलं. कोणी म्हणालं मला झाडफूक करा.

पुढच्या रविवारी आबा पांढरं धोतर नेसून तयार. "बोली अर्धी हाय," म्हणाले. आम्ही पोचलो तर गेटवर जाकीट घातलेले दोन जण उभे. तुमच्या घराला आत सोडायचं नाही, असा आदेश. मी तोंड उघडलं, आबांनी माझा खांदा दाबला. दारातून टेबल दिसत होतं. मधोमध काहीतरी होतं, त्यावर कोणी भरजरी कापड टाकलं होतं. नियमाला भिऊन दगड हलवला नव्हता, नुसता झाकला होता!

तेवढ्यात ऑटो येऊन थांबला. त्यातून ती माझी वेणी ओढणारी बाई उतरली, पदराच्या झोळीत काहीतरी जड घेऊन. तिच्या मागे मुन्नाभाऊ, खांद्यावर पोतं. दोघांच्या चपलांना तुरीच्या वावरातली काळी माती होती. तिनं आमच्याकडे बघितलंही नाही.

"काय आहे ते?" जाकीटवाल्यानं विचारलं.

"शेतातली वस्तू हाय. लिलावाले." तिनं झोळी त्याच्या नाकासमोर धरली. "नाकारतं का रे? नाकारून दाखव."

तो बाजूला झाला. मागून अजून एक ऑटो येत होता. आबांनी धोतराचा सोगा वर खोचला, आणि ऑटोतून दगड उतरवून घ्यायला पुढे झाले.