चौतिसाव्या पानावरची ताई

मी वही आहे, पण माझ्यात धडे नाहीत. माझ्यात माणसं आहेत, एका पानावर एक. शहर कसं वाढवायचं, रस्ता कुठून न्यायचा, शाळा कुठे हवी आणि बाजार कुठे, हे शिकवणाऱ्या एका महाविद्यालयात मी राहते. तिथे या विद्येला नियोजन म्हणतात आणि मला संपर्कवही.

बांधणाऱ्याने मला जाड पुठ्ठा आणि निळं कापड दिलं. ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी पट्टी धरून माझ्यात रकाने आखले. डावीकडच्या पानावर शिकून गेलेल्या विद्यार्थ्याने आपलं नाव, कार्यालय आणि फोन नंबर लिहायचा. त्याखाली एक ओळ : 'मला काय विचाराल?' समोरचं उजवं पान कोरं. ज्याने फोन केला, त्याने तिथे तारीख घालून काय बोलणं झालं ते लिहायचं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला सहा महिने एखाद्या कार्यालयात उमेदवारी करावी लागते. त्याआधी माझ्यातल्या किमान तिघांशी बोलायचं, असा नियम आहे. त्यामुळे वर्षातून एकदा माझी फार ओढाताण होते.

माणसं मला कशी उघडतात ते मी पाहिलं आहे. बहुतेक जण आधी मोठं पद शोधतात. काही जण नंबर फिरवतात आणि पहिली घंटी वाजताच कापतात. एकाने तर फोन न करताच 'छान मार्गदर्शन मिळाले' असं लिहून टाकलं. लिहून देणारेही कमी नाहीत. एक मोठे साहेब आपल्या नंबरातला एक आणि सात असा काही काढून गेले की आजवर तो कुणालाच लागलेला नाही.

चौतिसाव्या पानावर लिहिणारी मुलगी मात्र वेगळी होती. ती चिखलाचे बूट घालूनच ग्रंथालयात आली. मामा म्हणाले, "अगं, फरशी नुकतीच पुसली आहे."

"मामा, नियोजनवालीचे बूट स्वच्छ असतील तर समजा ती कामावर गेलीच नाही," असं म्हणून ती हसली. नाव आणि नंबर तिने भराभर लिहिला. 'मला काय विचाराल?' पाशी पेन थांबलं. मग तिने लिहिलं, 'काहीही. पहिल्या फोनला सगळ्यांचीच बोबडी वळते. माझीही वळली होती.'

पुढची चार वर्षं तिला खूप फोन आले. मुलं तिला ताई म्हणू लागली.

मग एके सकाळी मामा लाल पेन घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी चौतिसावं पान उघडलं. शेजारी बसलेल्या ग्रंथपालबाईंना ते म्हणाले, "सर्वेक्षणाहून परतताना गाडी पुलावरून खाली कोसळली. आपली चौतीस नंबरची गेली हो." नाव खोडायला म्हणून आले होते, पण त्यांचा हात चालेना. त्यांनी समासात पेन्सिलीने एक बारीक फुली केली. "उद्या करतो," म्हणाले. तो उद्या आलाच नाही. त्याच महिन्यात मामा निवृत्त झाले, ग्रंथपालबाईंची बदली झाली आणि विभागालाही नव्या प्रमुख मॅडम आल्या. ती फुली काय आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. जे माहीत होतं ते फक्त मला.

दोन महिन्यांनी एका मुलाने चौतिसावं पान उघडलं, नंबर उतरवून घेतला आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, आता फोन लागणार नाही आणि हा परत येऊन कुणाला तरी विचारेल. तो अर्ध्या तासाने आला. उजव्या पानावर तारीख घालून त्याने लिहिलं, 'ताईंशी बोलणे झाले. त्या म्हणाल्या, नकाशात जिथे मोकळी जागा दिसते तिथे आधी जा. तिथेच बहुधा कुणीतरी राहत असते.'

मला कापरं भरलं असतं, पण वहीला तेवढीही मुभा नसते.

मी स्वतःची समजूत घातली. यानेही न बोलताच लिहिलं असेल. पण त्यानंतर दुसरी आली, तिसरा आला. वर्षभरात सात ओळी झाल्या, दुसऱ्या वर्षी आणखी सहा. 'ताई म्हणाल्या, नळाजवळ रांगेत उभे राहा, वस्ती किती मोठी आहे ते तिथे कळते.' 'ताई म्हणाल्या, नकाशा हातात धरून प्रश्न विचारू नका, लोकांना वाटते आपले घर पाडायला आलेत.' हे बोल तिचेच होते. तिच्याशिवाय असं कोण बोलणार? रात्री ग्रंथालयाचं दार बंद झालं की तेहतीस आणि पस्तीस या पानांमध्ये ते एक पान मला थंड लागायचं. मेलेलं माणूस माझ्यातून फोन उचलत होतं आणि मला कुणाला सांगता येत नव्हतं.

अशात पुटपुट आली. हे वर्गाने तिला दिलेलं नाव. ती इतकं हळू बोलायची की हजेरीच्या वेळी शेजारची मुलगी तिच्यासाठी 'हजर' म्हणायची. तिने माझी सगळी पानं चाळली. मोठ्या पदांवरून तिची नजर घाबरून पुढे सरकत होती. चौतिसाव्या पानावर ती थांबली. 'माझीही वळली होती,' ही ओळ तिने दोनदा वाचली.

ती मला कोपऱ्यातल्या बाकावर घेऊन गेली. एका हातात पेन होतं, म्हणून फोन तिने माझ्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पहिल्यांदाच मला पलीकडचं ऐकू येणार होतं. घंटी वाजली. तीन वेळा, चार वेळा.

"हं, बोल बाळा."

आवाज तिचा नव्हता. तिचा आवाज हसरा आणि घाईचा होता. हा दमलेला, जाडसर होता. पण पुटपुटला ते कसं कळावं?

"ताई, मी... शेवटच्या वर्षाला आहे... मला लोकांशी बोलता येत नाही."

मग आवाज म्हणाला, "कुणाच्या दारात गेलीस ना, की आधी पाणी माग. ज्याच्या घरचं पाणी प्यायलो, त्याच्याशी बोलताना जीभ तेवढी अडत नाही."

पुटपुटने ते लिहून घेतलं. त्या महिन्यात तिने त्याच बाकावरून सात वेळा फोन केला. नदीपलीकडच्या एका वस्तीचं सर्वेक्षण तिच्याकडे होतं. पहिल्या दिवशी ती सोळा घरांपुढून नुसतीच चालत परत आली होती. सातव्या फोनला ती सांगत होती, "ताई, आज बेचाळीस घरं झाली. एका आजींनी तर मला जाऊच दिलं नाही."

"मग? मी काय म्हणत होते?" आवाज म्हणाला. त्यात पहिल्यांदा थोडं हसू होतं.

उमेदवारीच्या अर्जात एक चौकट असते : 'आपल्याला ओळखणारी, या क्षेत्रातील व्यक्ती.' पुटपुटने तिथे ताईचं नाव लिहिलं आणि नंबरही. अर्ज प्रादेशिक नियोजन कार्यालयासाठी होता. वर्षाला ते दोघांनाच घेत, आणि पुटपुटला दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं. त्या नदीकाठचा आराखडा तिथेच होणार होता. ताई जिथे काम करायची तेही तेच कार्यालय.

कार्यालयांची माणसं उमेदवार निवडायला महाविद्यालयात येतात त्या दिवशी, नकाशे काढायच्या चित्रकक्षात टेबलं मांडतात. मलाही तिथे नेऊन ठेवतात, शोभेला. मी प्रादेशिक कार्यालयाच्या टेबलावर होते. मागे एक मध्यमवयीन साहेब बसले होते, बाहेरून कडक दिसणारे. पुटपुटने अर्ज दिला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"हे नाव कुणी सांगितलं तुला?"

"वहीत होतं. मी बोलले त्यांच्याशी."

"कधी?"

"मंगळवारी."

"कुठल्या मंगळवारी?" साहेबांचा आवाज चढला. "ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. नोकरीसाठी लोक काय वाट्टेल ते करतात, पण हे जरा जास्तच झालं."

प्रमुख मॅडम उठून आल्या. पुटपुटने फक्त फोन काढला, नंबर लावला आणि तो टेबलावर ठेवला. माझ्या शेजारीच.

घंटी वाजत राहिली. साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"हं, बोल बाळा. कसं झालं आज?"

साहेबांनी डोळे मिटले. "काकू?" ते म्हणाले.

पलीकडून फोन बंद झाला.

दोन दिवसांनी साहेब त्या काकूंना घेऊन आले. त्या ताईच्या आई होत्या. प्रमुख मॅडमच्या खोलीत मला टेबलावर उघडून ठेवलं होतं. पुटपुट भिंतीला टेकून उभी होती. अर्जांचा तो शेवटचा दिवस होता आणि तिचा अर्ज साहेबांच्या पिशवीतच अडकला होता.

"तुम्ही मला फसवलंत," पुटपुट म्हणाली. मला आठवतं तेव्हापासून ती पहिल्यांदाच एवढं स्पष्ट बोलली होती.

"हो," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझ्या पानावरून बोट फिरवलं. "त्या दिवशी ती फोन घरीच विसरून गेली होती. चार्जिंगला लावलेला. मी तो बंदच केला नाही. दोन महिन्यांनी वाजला. एक मुलगा म्हणाला, 'ताई, दहा मिनिटं आहेत का?' मी सांगणारच होते रे. पण माझ्याकडे तर वेळच वेळ होता. म्हटलं, बोल."

"पण काकू, ते नळाचं, नकाशाचं?" साहेबांनी विचारलं. "ते तर तिचंच. मी तिची थट्टा करायचो त्यावरून."

"तिच्या अकरा डायऱ्या आहेत घरी. प्रश्न आला की त्यात शोधायचे. नाही सापडलं तर सांगायचे, बाळा, उद्या फोन कर." त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल, म्हातारी खोटारडी. पण दोन वर्षांत चौदा मुलांनी फोन केले. नोकरी कशी मिळेल, साहेब काय विचारतील, सगळं विचारलं. एकानेही विचारलं नाही, ताई, तुम्ही कशा आहात? एवढं जरी कुणी विचारलं असतं ना, तर मला खोटं बोलता आलं नसतं."

पुटपुट खाली बघत होती. सातही फोन मी ऐकले होते. तिनेही विचारलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "पाणी मागायचं, ते कितव्या डायरीत आहे?"

"ते डायरीत नाही. ते माझं."

साहेबांनी पिशवीतून अर्ज काढला. "यात जिवंत माणसाचं नाव लागतं," ते म्हणाले. "आज पाचपर्यंत."

"माझं लिहा," काकू म्हणाल्या.

"काकू, 'या क्षेत्रातील व्यक्ती' असं लिहिलंय. वरचे लोक हसतील."

"हसू देत. दारोदार फिरून बेचाळीस घरं केली या पोरीने. वेळोवेळी मला सांगत होती. तुमच्या क्षेत्रातल्या कुणाला ठाऊक आहे का ते?"

साहेबांनी कपाळ चोळलं आणि पेन पुढे केलं. काकूंनी चौकटीत आपलं नाव लिहिलं. 'ओळख कशी' या ओळीपुढे लिहिलं, 'फोनवरून.'

प्रमुख मॅडम हळूच म्हणाल्या, "वहीतलं नाव आता खोडायला हवं." त्यांनी पुटपुटकडे पाहिलं. पुटपुटने मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा काकूंनीच माझं पान जवळ ओढलं आणि मुलीच्या नावावर एक सरळ रेघ मारली.

"काकू," पुटपुट म्हणाली, "तुम्ही कशा आहात?"

काकू रडल्या. फार वेळ रडल्या. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पुटपुट काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिने काही विचारलं नाही, ऐकत राहिली.

प्रादेशिक कार्यालयाची यादी लागली तेव्हा त्यात पुटपुट होती. साहेबांनी वरच्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. काकूंनी तो नंबर बंद केला.

आता माझी यादी संगणकात गेली आहे. तिथे रेघ मारलेली नावं ठेवत नाहीत. मी कपाटात सगळ्यात खाली आहे, माझ्यावर जुन्या नकाशांच्या सुरळ्या आहेत. अंधारात मी माझी माणसं मोजत बसते, आणि मोजताना पुन्हा तीच भीती वाटते. एकशे सत्त्याऐंशी नावं आहेत माझ्यात. त्यातली कोण खरोखर आहेत आणि कुणाचा फोन दुसरंच कुणी उचलतं, हे मला कसं कळणार?

तुम्ही यादी उघडाल, नंबर लावाल. तुमचे प्रश्न पाठ केलेले असतील. करा फोन, अवश्य करा. पण पलीकडून कुणी "बोल बाळा" म्हणालं, तर तुमचं काम सांगण्याआधी एकदा विचारा, तुम्ही कशा आहात? आणि मग घाई करू नका. उत्तर यायला वेळ लागेल.