‘कीप’ची कार्डं

शब्दकोशाचं ऑफिस एका टायरवाल्याच्या दुकानावर होतं, आणि तिथल्या एका खुर्चीत दोन बायका बसत. एकदम नव्हे, आळीपाळीने. सकाळी वहिनी, दुपारी ताई. खुर्ची गार व्हायला कधी सवड मिळाली नाही. घरीही हाच प्रकार, फक्त उलटा: सकाळी म्हातारीच्या उशाशी ताई, दुपारी वहिनी. म्हातारी ही ताईची सख्खी आई आणि वहिनीची सासू. तिचे पाय गेले होते, डोकं आणि जीभ शाबूत होती. या तिघींना एकत्र बांधणारा माणूस, म्हणजे ताईचा भाऊ आणि वहिनीचा नवरा, कधीच देवाघरी गेला होता. मागे राहिलं ते हे वेळापत्रक.

संपादक स्वभावाने इतका सज्जन होता, की कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याला खोकला येई. त्या दिवशी तो बराच वेळ खोकला.

“मालकांना दोन अर्ध्या बायका नकोत,” तो शेवटी म्हणाला. “एक पूर्ण हवी. पुढच्या महिन्यापासून.”

“कोण?” ताईने विचारलं.

“ते मी कसं ठरवणार? मला दोघी सारख्या.” मग त्याने सगळ्या भित्र्या माणसांना सुचते तशी युक्ती काढली. पुढचा शब्द होता इंग्रजीतला ‘कीप’. मराठीत त्याचे किती तुकडे होतात ते त्याचं तोच जाणे: ठेवणं, पाळणं, राखणं, टिकणं, सांभाळणं, थांबवून धरणं. दोघींनी हा शब्द वेगवेगळा करायचा. जिचे जास्त अर्थ उतरतील ती राहील.

अर्थ उतरणं ही त्या ऑफिसची खास पद्धत. कोशात आलेला प्रत्येक अर्थ इंग्रजी न येणाऱ्या माणसाला तोंडी समजावून सांगायचा. त्याने त्यावर आपलं स्वतःचं वाक्य बोलून दाखवलं, तर अर्थ पोचला. ते वाक्य कार्डावर जसंच्या तसं उतरवायचं, आपली अक्कल न मिसळता. शेवटी ते बोलणाऱ्यालाच वाचून दाखवायचं, आणि त्याने ‘हो, माझं’ म्हटलं की कार्ड पेटीत.

घरात आयतीच म्हातारी होती, तेव्हा दोघींनी वर्षानुवर्षं तिलाच विचारलं. तिची वाक्यं अर्ध्या कोशात पसरली होती. लोक परदेशी पत्र लिहायला कोश उघडत आणि त्यांना भेटे ती म्हातारी, आपल्या नवऱ्याची उणीदुणी काढताना.

हरणारीच्या पदरात काय पडणार हे दोघींना न सांगता कळलं होतं. सकाळ त्याच खोलीत, दुपार त्याच खोलीत. औषधाचा वास, चादरी, आणि खिडकीतून दिसणारी समोरची भिंत. म्हातारी काटक होती. आणखी दहा वर्षंही काढील, असं डॉक्टर कौतुकाने म्हणाला होता, आणि ते ऐकून दोघी एकमेकींकडे न बघता उठल्या होत्या.

वहिनीने मनात बेरीज मांडली. ताई कामात तरबेज. वहिनीला कार्ड धरायला तिनेच शिकवलेलं. शिवाय परीक्षा घेणारी म्हातारी ताईच्या रक्ताची. ती लेकीला भरभरून वाक्यं देणार आणि सुनेला जांभया. म्हणजे निकाल लागलेलाच होता, फक्त जाहीर व्हायचा होता.

झालं भलतंच.

“आई, दूध उद्यापर्यंत चांगलं राहतं, नासत नाही, त्यालाही हा शब्द चालतो,” पहिल्याच दुपारी वहिनी म्हणाली. “आता तुम्ही बोला.”

“आमच्या घरात माणसं टिकली नाहीत, दुधाचं काय घेऊन बसलीस.”

वहिनीने लिहून घेतलं. “दिलेला शब्द पाळणं.”

“तुझा सासरा शब्दाचा पक्का. दिलाच नाही कधी कुणाला.”

“ताटकळत ठेवणं.”

“डॉक्टरने इतकं ताटकळत ठेवलं, की माझं दुखणं कंटाळून निघून गेलं.”

वहिनीला हसू आवरेना. कार्डांची चळत वाढत चालली. आणि ताई मात्र रोज रात्री जेवताना एकच रडगाणं गाई.

“आज पण नाही काही बोलली. शेळ्या पाळण्याचं विचारलं, तर म्हणाली, ‘कळलं नाही गं.’ आईला शेळ्या कळत नाहीत? लहानपणी शेळ्यांच्या मागे फिरायची ती.”

“वय झालं ताई,” वहिनी म्हणाली. “सकाळी गुंगी असते.”

“दुपारी बरी उतरते गुंगी.”

“आता ते माझ्या हातात आहे का?”

वहिनीच्या मनात मग एक गोड समजूत उगवली: सासू आपल्याला मानते. इतकी वर्षं उठवलं-बसवलं, त्याची जाण तिला आहे. लेक म्हणजे लेक, पण सून ती सून. या आनंदात तिने एका दुपारी म्हातारीच्या पायांना तेल चोळून दिलं, जे तिच्या वाट्याचं काम नव्हतं. म्हातारीने पाय ओढून घेतले असते, पण ते तिच्याच्याने ओढवत नव्हते.

शनिवारी एक अर्थ उरला होता. “एखादी गोष्ट कुणाला न सांगता मनातच ठेवणं,” वहिनी म्हणाली.

म्हातारी सावकाश, शब्द मोजून म्हणाली, “सून दुपारी पाणी हाताला लागणार नाही असं ठेवते, ते मी पोटात ठेवलंय.”

वहिनीची पेन्सिल थांबली.

“झालं ना वाक्य? लिही.”

गोष्ट खरी होती, आणि वहिनीच्या लेखी तिच्यात पाप नव्हतं, हिशेब होता. पाणी कमी तर ओल्या चादरी कमी. दुपारी तिला एकटीला म्हातारीला कुशीवर वळवता येत नसे, चादर ओढताना कंबर धरे. म्हणून ताई घराबाहेर पडली की ती पाण्याचं स्टूल हातभर सरकवी आणि ताई परतायच्या आत जागेवर आणी. म्हातारी पाणी मागे, तेव्हा वहिनी ‘आत्ता देते’ म्हणे आणि शिवणाचं यंत्र चालवत बसे.

“मी चादरींसाठी...” ती म्हणाली.

“चादरींसाठीच. ठाऊक आहे मला. तू दुष्ट नाहीस गं, हिशेबी आहेस. पण माझी जीभ टाळ्याला चिकटते.”

“मग ताईंना का नाही सांगितलंत?”

“सांगून काय होणार? सकाळी भांडण होईल. दुपारी परत तू आणि मीच. त्यापेक्षा तू कामाला जा दिवसभर. ती राहील माझ्याजवळ.”

“आणि ताईंचं काम? त्यांचा जीव आहे त्यात.”

“आहे,” म्हातारी म्हणाली. “पण ती माझी मुलगी. तिच्याकडचं मला काढून घेता येतं. तुझ्याकडचं कसं घेऊ?”

वहिनी उठून पाणी घेऊन आली. म्हातारीने सगळं पिऊन भांडं परत दिलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

शहाण्या बाईने ते कार्ड फाडलं असतं. वहिनीने फाडलं नाही. एक तर मोजणीत ते एक कार्ड होतं, आणि ताईने आयत्या वेळी कुठून काय पैदा केलं असतं सांगता येत नव्हतं. दुसरं म्हणजे वाक्य चांगलं होतं. इतक्या वर्षांत कामाने तिला तेवढी चव लावली होती. तिने फक्त ‘सून’ खोडलं आणि वर ‘शेजारीण’ लिहिलं. कार्ड नवीन घेऊन स्वच्छ अक्षरात उतरवलं.

रविवारी वाचून दाखवायचं. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या. ताईची कार्डं दोन मिनिटांत संपली. वहिनी वाचत गेली आणि म्हातारी एकेका वाक्यावर ‘हो, माझं’ म्हणत गेली, हजेरी दिल्यासारखी. दुधाच्या वाक्याला ताईही हसली, मनापासून. वाक्य दुसरीच्या हातात होतं तरी.

मग वहिनीने ते कार्ड वाचलं. भरभर, मधेच, चळतीत लपवून.

या वेळी म्हातारीची हजेरी आली नाही.

“आई,” ताई म्हणाली, “तुझं आहे ना?”

“शेजारीण मी म्हटलं नव्हतं.”

“मग काय म्हणाली होतीस?”

“असू दे. लिहिलंय ते तसंच राहू दे.”

“पण कोणती शेजारीण?” ताईने वहिनीला विचारलं. “आपल्याकडे दुपारी येतं कोण?”

“वरच्या मजल्यावरची असेल.”

“वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी आहे, वहिनी.”

कुणीतरी टायरमध्ये हवा भरावी तशी म्हातारी श्वास घेत होती. ताईने पलंगाकडे पाहिलं, शिवणाच्या यंत्राकडे पाहिलं. मग वाकून स्टुलाखाली पाहिलं. फरशीवर चारही पायांचे ओरखडे होते, एकाच दिशेने गेलेले, एकाच दिशेने परत आलेले. तिने त्यांवरून बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं.

“किती दिवस?” तिने विचारलं. दोघींपैकी कुणालाही.



ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर वहिनीला बरं वाटलं असतं. ताईने आपली कार्डं गोळा केली, त्यांना रबर लावलं आणि ती कपाटावर, हात पोचणार नाही अशा फळीवर टाकली.

“संपादकांना सांग, ताईचं काम झालं नाही. जमत नाही म्हणाली, असं सांग.”

“ताई, अहो, मी मुद्दाम—”

“आणि यापुढे आईला काही विचारायचं नाही. अर्थ नाही, वाक्य नाही, बरं आहे का तेही नाही. तुझं नि तिचं जे काय होतं ते संपलं.”

संपादक त्या सोमवारी एकदाही खोकला नाही. सगळं आपोआप मिटलं होतं. त्याने शेजारणीचं वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाला, “वा. काय बाई आहे.”

खुर्ची आता दिवसभर वहिनीची होती. घरी ती संध्याकाळी पोचे, तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं असे. आतून माय-लेकींचं बोलणं ऐकू येई, आणि तिच्या चपलांचा आवाज झाला की थांबे. एकदा ताई भांडी घासता घासता म्हणाली, “कोणता शब्द चाललाय?”

“किक.”

ताईचे ओठ हलले. हात साबणात तसेच राहिले, जणू काहीतरी सुचलं होतं. मग तिने नळ मोठा केला.

‘किक’ला लाथ मारण्यापलीकडे बरेच अर्थ निघाले, आणि विचारायला माणूस नव्हतं. वहिनी कार्ड घेऊन खाली टायरवाल्याकडे गेली. तो चाकाखाली डोकं घालून बसला होता.

“भाऊ, एक मिनिट. जुनी सवय सोडणं, यावर एक वाक्य बोला ना.”

“कुणाची सवय?”

“कुणाचीही.”

“बाई, गिऱ्हाईक उभं आहे. तुमचं हे कायम चालायचंय, माझं पंक्चर आत्ताच काढायचंय. उद्या या.”

उद्याही गिऱ्हाईक होतं. परवाही. संपादक कार्डांसाठी डोकावून गेला. वहिनीने दार लावलं, डोळे मिटले, आणि म्हातारीचा आवाज कानात आणायचा प्रयत्न केला. तो लगेच आला. इतक्या दुपारी ऐकला होता.

तिने लिहिलं: ‘ह्यांनी तंबाखू सोडली, आणि मग दिवसभर मला चघळत बसले.’

संपादक हसून हसून खुर्चीत मागे रेलला. “आजी काही बदलल्या नाहीत. तब्येत बरी ना?”

“बरी आहे.”

“वाचून दाखवलंत त्यांना?”

“दाखवलं.”

“मग? काय म्हणाल्या?”

“हो, माझं, म्हणाल्या,” वहिनी म्हणाली, आणि तिने पुढचं कार्ड ओढलं.