माझ्या पोटातली काच काढली तेव्हा

मित्रांनो, लग्नाच्या मांडवात घाम पुसत धावपळ करणारे फोटोग्राफर तुम्ही पाहिले असतील. अशाच एकाच्या गळ्यात मी अकरा वर्षे लटकलो. मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. माझे मालक गुरुशांत. सोलापुरात त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. वधूवरांवर अक्षता पडतानाचा नेमका क्षण मी टिपायचो आणि मालक माझे कौतुक करायचे.

मग नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात गेलो. दोन पावसाळे तिथेच काढले. पट्ट्याला बुरशी आली, तरी कोणी दार उघडले नाही.

मला बाहेर काढले ते मालकांच्या मुलीने, महेश्वरीने. ती चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात सर्किटे दुरुस्त करते. तिच्याकडे एक दुर्बीण होती. माझी लेन्स काढून तिने मला थेट दुर्बिणीला जोडले. चंद्र मी लख्ख टिपला. पण तिला हवे होते तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधले वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग. त्यांचा गडद लाल प्रकाश माझ्या सेन्सरपुढची एक पातळ काच अडवत होती. माणसांचे चेहरे लाल दिसू नयेत म्हणून ती बसवलेली असते.

"अप्पा, ती काच काढू का?" महेश्वरीने विचारले.

"काढलीस की त्यो लग्नाच्या कामाचा ऱ्हात न्हाई बघ. आणि बिघडला तर?"

"कपाटात तरी कुठं काम करतोय?"

मालकांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले. शेवटी म्हणाले, "काढ. पण जपून."

रविवारी सकाळी तिने माझे बारीक स्क्रू टेबलावर ओळीने मांडले. मला फार भीती वाटत होती. काच निघाली. सगळे परत जोडून तिने बटण दाबले. मी गप्प. बॅटरी बदलली, तरी गप्प.

"गेला का गं?" मालकांनी विचारले. मला सगळे ऐकू येत होते, पण काही करता येत नव्हते.

महेश्वरीला त्या दुपारी जेवण गेले नाही. "मीच मारलं त्याला," असे म्हणून ती खिडकीशी बसून राहिली. संध्याकाळी तिने मला पुन्हा उघडले. कागदासारखी चपटी एक वायर खाचेत अर्धीच बसली होती. तिने ती नखाने आत सरकवली आणि बटण दाबले. खटॅक! माझे शटर उघडले. मालक हसत सुटले. मलाही केवढे हायसे वाटले!

फेब्रुवारीत आम्ही मोडनिंबजवळ गोजरबाईंच्या शेतात गेलो. त्या महेश्वरीच्या मैत्रिणीची आत्या. तिथले आकाश काळेभोर होते. मृग नक्षत्राच्या पूर्वेला गुलाबाच्या फुलासारखा एक तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. दोन-दोन मिनिटे शटर उघडे ठेवून मला साठ फोटो काढायचे होते. पहिला पडद्यावर आला.

गोजरबाई वाकून म्हणाल्या, "ह्यात काय हाय गं? नुसतं तांबडं धुकं दिसतंय की."

"एकात नाही कळत, आत्या. साठ एकावर एक ठेवायचे, मग बघा."

"मग थांबते की."

शाल पांघरून त्या दोन तास बाजेवर बसल्या. लॅपटॉपने फोटो जुळवायला घेतले, तेव्हा माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. मग एकदम तांबूस पाकळ्या दिसल्या, मधोमध ताऱ्यांचा झुबका.

"अगं बाई! कुटं हाय हे फूल?"

महेश्वरीने बोट दाखवले. तिथे काहीच दिसत नव्हते. गोजरबाई तरीही मान वर करून पाहत राहिल्या.

घरी मालकांनी तो फोटो तीनदा पाहिला. खूश झाले की ते कानडीत बोलतात. "चलो ऐति," म्हणजे छान आहे, एवढेच म्हणाले आणि त्यांनी माझी काया मऊ कापडाने पुसली.

मित्रांनो, लग्नात आता मला कोणी नेणार नाही. त्याचे थोडे वाईट वाटते, पण कपाटाची भीती मात्र गेली. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र पडून असेल, तर त्याची धूळ पुसा, त्याला ओलीपासून जपा. ते बंद पडले, तर जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. आणि पहिल्या खेपेला ते सुरू झाले नाही, तर कृपा करून आणखी एकदा उघडून बघा.