मुंबईची चौथी, नऊ नंबर

महानंदानं पाचशेची नोट ट्यूबलाइटकडे धरली, उलटी केली, नखानं तिची कड खरवडली आणि पुन्हा एकदा ट्यूबलाइटकडे धरली.

"काकू, आत्ताच एटीएममधून काढलीये," काचेपलीकडचा तरुण म्हणाला. तिच्या बिल्ल्यावरचं 'चौगुले' वाचून त्यानं सरळ मराठीलाच हात घातला होता.

"एटीएमात बी माणसंच पैसे भरत्यात," महानंदा म्हणाली. "बोला, काय देऊ?"

"चौथी रेस, नऊ नंबर, विन. सगळे पाचशे."

निपाणीहून लग्न होऊन बेंगळूरला आली तेव्हा हीच महानंदा भाजीवाल्याच्या तराजूकडे बघायलासुद्धा लाजायची. पण रेसकोर्सवर टोटच्या खिडकीत बसून, घोड्यांवर लावलेले पैसे घेत आणि तिकिटं देत वीसेक वर्षं काढली की माणूस देवाचा प्रसादही आधी हुंगून बघतो. पाचशे देऊन हजार दिले म्हणणारे, फाटकी तिकिटं चिकटवून आणणारे, हरल्यावर तुम्हीच भलता नंबर दिलात म्हणून भांडणारे, असे सगळे नमुने तिनं पचवले होते. ही खुर्ची आधी तिच्या नवऱ्याची, परसूची. तो गेल्यावर रेसकोर्सच्या क्लबनं तिला बोलावून त्याच जागेवर बसवलं. नोकरी पक्की नव्हती. हंगामाच्या आधी ऑफिसातून फोन यायचा. आला तर यादीत नाव आहे, नाही आला तर नाही. इतक्या वर्षांत तिचा फोन एकदाही चुकला नव्हता. के. आर. पुरमच्या गल्लीत ती परसूची बायको, दोन खोल्यांतली एकटी बाई. शनिवार-रविवारी मेट्रोनं येऊन काचेमागं बसली की मात्र ती महानंदा अक्का व्हायची, जिच्या हिशेबाकडे कुणी बोट दाखवत नाही. त्या नावासाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

तिनं बटणं दाबली, तिकीट निघालं, तिनं ते काचेखालून सरकवलं. तरुण दोन पावलं गेला आणि तसाच मागं फिरला.

"काकू, हे मुंबईचं आहे. मला इथल्या रेसचं हवं होतं."

महानंदानं तिकीट बघितलं आणि जीभ चावली. बेंगळूरच्या टोटवर मुंबईच्या शर्यतींवरही पैसे लावता येतात. मशीनवर आधी गाव निवडायचं, मग शर्यत, मग घोडा. मशीनची खोड अशी, की एकदा गाव निवडलं की दुसरं सांगेपर्यंत ते तिथंच मुक्काम ठोकून बसतं. या तरुणाच्या आधी नेहमीच्या टोपीवाल्या अज्जानं मुंबईचं तिकीट घेतलं होतं. त्यानंतर गाव बदलायचं होतं, पण तिचा सगळा जीव त्या पाचशेच्या नोटेत अडकला होता. संशय घेता घेता ती मुख्य कामालाच चुकली.

तिनं तिकीट रद्द करायला मशीनमध्ये घातलं. मशीननं ते तोंडावर फेकल्यासारखं परत दिलं. मुंबईची घंटा झाली होती, घोडे सुटायच्या बेतात होते.

"आता रद्द होत न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे माझे पाचशे गेले?" त्याचा आवाज चढला. "नवीन माणूस बघून ठरवून करता का हे तुम्ही लोक?"

काकूचं 'तुम्ही लोक' व्हायला मिनिटभरही लागलं नाही. महानंदानं मशीनवर गाव बदललं. त्याला बेंगळूरच्या चौथीचं, नऊ नंबरचं नवं तिकीट दिलं आणि मुंबईचं स्वतःकडे घेतलं. टोटचा रिवाजच आहे तो. चुकीचं तिकीट रद्द झालं नाही, तर संध्याकाळी तेवढे पैसे खिडकीवाल्यानं पदरचे भरायचे. परसूनंही भरले होते, तिनंही. सुटका एकच, दुसरं कुणी ते घेतलं तर.

"मुंबई चौथी, नऊ नंबर, पाचशेचं, कुणाला हवंय?" तिनं रांगेकडे बघून कानडीत आवाज दिला.

रांगेनं माना हलवल्या. खांबाला टेकलेला टोपीवाला अज्जा तर हसलाच. "लेझी मंडे? अग अक्का, तो घोडा इतरांना सोबत म्हणून पळतो," तो कानडीत म्हणाला. "तूच ठेव."

मग तिनं ते तिकीट काउंटरच्या काचेखाली, यल्लम्माच्या फोटोशेजारी सरकवलं. पाचशे गेले म्हणून हळहळली आणि पुढची नोट उजेडाकडे धरली.

मुंबईची शर्यत टीव्हीवर झाली तेव्हा तिनं मान वर केली नाही. हॉलमध्ये आरडाओरडा झाला, मग शिव्या झाल्या, मग एकदम सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यानं तिनं वर बघितलं. फळ्यावर मुंबईच्या चौथीचा डिव्हिडंड लागला होता, दहा रुपयांना सहा हजार दोनशे.

एवढा आकडा रेसकोर्सवर वर्षानुवर्षं दिसत नाही. टोटमध्ये जिंकणाऱ्यांना हरणाऱ्यांचे पैसे वाटून मिळतात. आकडा एवढा चढला याचा अर्थ सगळ्यांना लगेच कळला. आख्ख्या बेंगळूरच्या टोटवर लेझी मंडेचं तिकीट एकाकडेच होतं, आणि सगळी रक्कम त्या एकाचीच होती. माणसं एकमेकांच्या खिशांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, घोड्याला काहीतरी दिलं होतं. दुसरा म्हणाला, जॉकी विकला गेला. आतून खबर असल्याशिवाय या घोड्यावर पैसे कोण लावेल, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

शेजारच्या पैसे द्यायच्या खिडकीतून राजलक्ष्मी वाकली. दोघी नेहमी एका डब्यात जेवायच्या. हिची शेंगदाण्याची चटणी, तिचा फोडणीचा भात, चित्रान्ना. "यारु अक्का? कोण असेल ग तो?" तिनं विचारलं.

महानंदानं काचेखाली बघितलं. यल्लम्माशेजारी नऊ नंबर होता.

"कुणाला ठाऊक," ती म्हणाली.

 आनंद वगैरे नंतर होईल तेव्हा होईल, आधी तिला भीती वाटली. मग राजलक्ष्मीशी आपण खोटं का बोललो याची लाज वाटली. आणि तोंडातून एकदा गेलेलं 'कुणाला ठाऊक' आता परत घेता येईना.

बेंगळूरची चौथी झाली. इथला नऊ नंबर शेवटून दुसरा आला. थोड्याच वेळात तो तरुण रांग मोडून खिडकीशी आला. आवाज एकदम मऊ.

"काकू, मी शुभंकर. सर्जापूर रोडला असतो, मूळचा पुण्याचा. ते मघाचं तिकीट आहे ना?"

"कुठलं?"

"काकू, प्लीज. ॲक्चुअली ते माझ्या पैशातलं तिकीट आहे. आपण हाफ-हाफ करू. आपलीच माणसं आहोत ना आपण."

"परत कुणी दिलं ते? तुमीच न्हवं?"

शुभंकर काचेला नाक लावून बघत राहिला. "तुम्हाला आधीच माहीत होतं ना? म्हणून मुद्दाम चुकवून स्वतःकडे ठेवलंत. माझ्या नोटेवर."

महानंदाच्याही डोक्यात किडा वळवळला. पहिल्यांदा आलेला माणूस 'नऊ नंबर, विन' असं एका दमात म्हणत नाही. तो घोड्याचं नाव सांगतो, विन म्हणजे काय ते विचारतो. हा नवा कसा? याला कुणी पाठवलं तर नसेल, माझी परीक्षा घ्यायला? ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे, आणि दोघांनाही समोरचा चोर दिसत होता.

"मी कंप्लेंट करतो," शुभंकर म्हणाला आणि त्यानं केलीसुद्धा.

नागराज आला आणि त्यानं खिडकी बंद कर अशी खूण केली. टोटचा हा सुपरवायझर परसूच्या हाताखाली काम शिकला होता. महानंदाच्या हातची शेंगाची पोळी दर संक्रांतीला त्याच्या घरी जायची. मागच्या खोलीत त्यानं पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र थांबवून ठेवलं होतं. चित्रात महानंदा आणि शुभंकर डोकं जवळ आणून काहीतरी बोलत होते, आणि तिकीट काचेखालून तिच्याकडे परत येत होतं.

"हा कोण अक्का?" त्यानं कानडीत विचारलं.

"गिऱ्हाईक." तीही कानडीतच बोलली.

"तुम्ही दोघं कानडीत बोलत नव्हतात."

"त्यानं मराठीत विचारलं, मी मराठीत सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की एटीएममध्येही माणसंच पैसे भरतात."

नागराजनं चष्मा काढून पुसला. "मुंबईचा घोडा, मराठी पोरगा, मराठी अक्का," तो म्हणाला. "मी नाही म्हणत. वरचे म्हणतील."

महानंदाला ते फार लागलं. या गावात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नागराजशी ती कानडीत भांडली होती, परसू गेला तेव्हा कानडीतच रडली होती, आणि आज चार वाक्यं मराठीत बोलली तर तो पुरावा झाला.

"मी ते तिकीट सगळ्या रांगेला विचारलं. टोपीवाल्या अज्जाला विचार, तो हसला होता," ती म्हणाली.

अज्जाला बोलावलं. तो दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला. तिकिटाचं विचारल्यावर त्यानं महानंदाकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. "मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला. हाताशी आलेले तीन लाख आपण हसून नाकारले, हे आता तो कुणापुढं कबूल करणार? महानंदाला त्याचा राग आला, आणि लगेच कीवही आली. पडद्यावर ती तोंड उघडून रांगेकडे काहीतरी सांगताना दिसत होती, पण कॅमेऱ्याला कान नव्हते.

अज्जा गेल्यावर नागराजनं खुर्ची जवळ ओढली. "अक्का, तिकीट माझ्याकडे दे. चुकून निघालं, एवढं लिहून दे. पैसे क्लबकडे जमा होतील, त्या पोराचं तोंड बंद होईल. पुढच्या हंगामाच्या फोनचं मी बघतो."

"आणि हरलं असतं तर?"

"काय?"

"घोडा हरला असता तर हे तिकीट कुणाचं होतं?"

"हरलं असतं तर कोण विचारतंय अक्का."

"पाचशे कुणी भरले असते?"

नागराज पडद्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "परसू अण्णा असता तर त्यानं मुकाट्यानं देऊन टाकलं असतं."

ते खरं होतं. परसूनं सगळं मुकाट्यानंच दिलं. चुकीच्या तिकिटांचे पैसे दिले, आणि त्या दिवशी घरी आला की भूक नाही म्हणून झोपला. बायकोला वाटायचं याला पोटाचं दुखणं आहे. खुर्चीत बसल्यावर तिला ते दुखणं कळलं.

तिनं मनाशी दोन्ही बाजू तपासून पाहिल्या. तिकीट दिलं तर म्हणतील, चोर घाबरला. पुढच्या हंगामात फोन येईल, पण नागराज तिच्या खिडकीमागं उभा राहील, आणि कुणी 'काकू' म्हटलं की ती आधी कॅमेऱ्याकडे बघेल. तिकीट दिलं नाही तरी चोरच म्हणतील. नाव दोन्हीकडून गेलंच होतं. ते तिनं काही केलं म्हणून गेलं नव्हतं, एक घोडा पहिला आला म्हणून गेलं होतं.

"मी वटवते हे," ती म्हणाली.

"स्टाफला वटवता येत नाही. नियम आहे."

महानंदानं साडीवरचा बिल्ला काढला. पिन जरा अडकली, तेव्हा पदर फाटू नये म्हणून तिनं ती सावकाश सोडवली. बिल्ला टेबलावर ठेवला.

"अक्का, स्वल्प थांब. विचार कर. फोन मग..."

"येणार न्हाई, ठाऊक हाय मला," ती म्हणाली. इतक्या वर्षांत नागराजशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलली, आणि त्याला ते बरोबर समजलं.

खिडकीत जाऊन तिनं पदरचे पाचशे गल्ल्यात भरले, यल्लम्माचा फोटो पर्समध्ये घातला आणि तिकीट मुठीत. स्टाफच्या दारानं बाहेर पडून, पार्किंगला वळसा घालून ती गिऱ्हाइकांच्या बाजूनं हॉलमध्ये शिरली. इथून आपल्या खिडक्या कशा दिसतात हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. काचा वाटल्या होत्या त्यापेक्षा मळकट होत्या. पैसे घ्यायच्या रांगेत ती शेवटी उभी राहिली. थोड्या अंतरावर शुभंकर मोबाइल उंच धरून तिचं चित्रण करत होता. अज्जा खांबामागं सरकला.

तिची पाळी आली. तिनं तिकीट काचेखालून आत सरकवलं.

राजलक्ष्मीनं आधी तिकीट बघितलं, मग तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत मघाचं 'कुणाला ठाऊक' जसंच्या तसं परत आलेलं महानंदाला दिसलं. सांगायला हवं होतं, मघाच सांगायला हवं होतं, पण आता मागं रांग होती.

राजलक्ष्मीनं तिकीट मशीनमध्ये घातलं. हिरवा दिवा लागला. तरी तिनं ते बाहेर काढलं, ट्यूबलाइटकडे धरलं, उलटं केलं, नखानं कड खरवडली आणि पुन्हा एकदा ट्यूबलाइटकडे धरलं. मोठ्या रकमेला नाव लिहून घ्यावं लागतं. तिनं पेन उघडलं.

"हेसरु?" मान वर न करता तिनं विचारलं. नाव?

"महानंदा परसू चौगुले," महानंदानं सांगितलं, आणि तिला नीट लिहिता यावं म्हणून सावकाश पुन्हा एकदा सांगितलं.