आडतीच्या काट्यावर चौऱ्याहत्तर

"सिस्टर, तुमचा काटा बिघडला असन," मनकर्णा म्हणाली. खाली उतरली, चपला काढल्या, पुन्हा चढली. आकडा तोच. अठ्ठ्याहत्तर.

"काटा बरोबर आहे, काकू."

"मंग परवा आडतीवर चौऱ्याहत्तर कसं भरलं?"

बाकावर बसलेल्या वामनरावांनी कपाळावर हात मारला. "अवं, तो काटा कॅरेटचे दोन किलो अन् भाजीच्या ओलीचे दोन आधीच कापून घेते ना! वीस वर्ष भांडून राहिली तू त्याच्याशी. अन् भरोसा ठेवला तोही त्याच्यावरच?"

मनकर्णा काट्यावरच उभी राहिली. नवऱ्याला किडनी द्यायची तर ऐंशीवरून चौऱ्याहत्तरवर या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दीड महिन्यात उतरले फक्त दोन. आता पुन्हा एक महिना थांबायचं, आणि तोवर आठवड्यातून तीनदा वामनरावांना डायलिसिसच्या मशीनवर झोपवायचं.

चूक पहिल्याच आठवड्यात झाली होती. वलगावच्या शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी करिश्मा तिला दम लागेस्तोवर पळायला शिकवत होती. एक फेरी जोरात, एक चालत. पण तिने बजावलंही होतं, "काकू, असं पळनं सकाळचं, झोप झाल्यावर. तुमी रातच्या जेवायच्या टायमाले पळता, मंग बारापर्यंत डोळा लागत नाई. झोप नसन तर भूक लय लागते, अन् अंग काई सोडत नाई."

"सकाळी मले बाजारात हर्रास असते वं, मालाची बोली लागते. अडीचले उठा लागते मेथीपायी."

"मंग वजन उतरन कसं?"

"उतरलं! एका हप्त्यात चार किलो," मनकर्णा ऐटीत म्हणाली होती. आडतीच्या काट्यापुढे त्या पोरीचं काय चालणार? मग मनकर्णा रोज अंधार पडल्यावर पळाली, रोज तापल्या अंगाने छताकडे बघत पडली, आणि पहाटे झोप उडवायला चहासोबत उडदाचे दोन तळलेले गिला वडे खात राहिली.

परतताना ऑटोत ती एकदाच बोलली. "तुमाले काई झालं तर त्या वड्यानं झालं म्हना."

"वड्याले कावून दोष देतं? तो गरीब आहे," वामनराव म्हणाले. ती हसली नाही.

त्या संध्याकाळी ती पळाली नाही. अडीचचा गजर लावून आडवी झाली.

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. ती धडपडत अंगणात आली.

"अवजी! मोबाइल कुठी आहे? मेथी!"

"मेथी उभी आहे वावरात." गजर बंद केलेला मोबाइल वामनरावांच्या मांडीवर होता. सुया टोचून गाठाळलेला डावा हात बाजूला ठेवून, तिचा पळायचा बूट गुडघ्यांत धरून, उजव्या हातातल्या काडीने ते त्याच्या तळाचा चिखल खरवडत होते.

"फुलावर येईन ते. कोन घेईन मंग?"

"येऊ दे."

बाजाराला जाणारा शेवटचा टेम्पो दारापुढे येऊन हळू झाला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. वामनरावांनी काडी खाली ठेवली, हात वर केला आणि त्याला पुढे जायला सांगितलं. मग दुसरा बूट उचलला.