वहीत नसलेली पिन

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला वेल्डरनं मास्तरांना कॉलर धरून गॅरेजच्या फाटकातून आत ओढत आणलं आणि सगळ्यांदेखत त्यांचं तोंड टॅक्सीच्या बॉनेटवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्यांदा चष्मा फुटला, तिसऱ्यांदा दात. गाडीखाली आडवा पडलेला मिस्त्री सरपटत बाहेर आला, तोवर पांढऱ्या बॉनेटवरून रक्ताचा ओघळ पार दिव्यापर्यंत आला होता. टॅक्सीवाला आपला बाजूला उभा राहून "अरे, अरे" एवढंच म्हणत होता. अशा वेळी माणसं एवढंच म्हणतात.

"कुठाय ती गाडी?" वेल्डर मिस्त्रीवर ओरडला. "तुझ्या मेव्हण्यानं माझा भाऊ मारला ती गाडी दाखव. तिच्याचखाली घालतो ह्याला!"

त्याच्यामागे सात-आठ जण होते, गल्लीतलेच. एकाच्या हातात टॉमी होती, म्हणजे टायर काढायची लोखंडी कांब. ती इथेच भिंतीला टेकवलेली असायची. आत शिरल्या शिरल्या त्यानं ती उचलली होती.

गाडी शेडच्या कोपऱ्यात होती. नाक चेपलेली, छपरावर 'ड्रायव्हिंग स्कूल'ची पाटी वाकडी झालेली. मंगळवारी दुपारी ती शिंप्याच्या दुकानात घुसली. गाडी शिकणारी बाई चौथ्याच दिवशीची. समोर सायकल आडवी आली, बाई घाबरली, आणि ब्रेकऐवजी तिनं अॅक्सिलरेटरच दाबून धरला. आता शिकणारा चुकणारच हो! म्हणून तर शेजारी मास्तर बसतो आणि मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. पण गाडी थांबली नाही. शिंपी मशीनवर बसल्या जागी मशीन आणि भिंत यांच्यामध्ये चिणला गेला. धाकटा भाऊ वेल्डर. तो आपला गॅस कटर घेऊन धावत आला आणि भावाच्या छातीत रुतलेलं मशीनचं बिडाचं स्टँड त्यानं स्वतःच्या हातानं कापलं. ठिणग्या भावाच्या तोंडावर उडत होत्या आणि भाऊ "सावकाश रे" म्हणत होता. स्टँड सुटलं आणि भाऊ गेला.

असा माणूस शुक्रवारी दारात उभा होता. त्याला कोण काय समजावणार?

आता मिस्त्रीचं ऐका. ह्या माणसाला एकच वेड होतं आणि ते जपानहून आलेलं होतं. तीस वर्षं त्यानं एकाच कंपनीच्या गाड्यांना हात लावला. दुसरी गाडी आली की दारातूनच हात जोडायचा, "पलीकडच्या गल्लीत जा बाबा, मला त्यातलं कळत नाही." कळायचं सगळं, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. तेल बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा तो कंपनीचा इतिहास ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही. म्हातारा संस्थापक आधी शेतातले पाण्याचे पंप करायचा. युद्धात कारखाना बेचिराख झाला, तेव्हा उरल्यासुरल्या पंपांच्या सामानातून त्यानं तीनचाकी गाडा जुळवला. तो पहिल्याच चढावरून मागे घसरत आला आणि कुंपण तोडून नाल्यात पडला. म्हाताऱ्यानं डोक्याला हात लावला नाही, वही काढली. काय मोडलं, का मोडलं, पुन्हा मोडू नये म्हणून कधी बघायचं, सगळं लिहिलं. त्यानंतर जगात जिथे कुठे गाडी मोडली, ते त्या वहीत गेलं. तीच वाढत वाढत आजची सर्व्हिसची वही झाली. बासष्ट ओळी. मिस्त्री प्रत्येक ओळीपुढे लाल पेनानं खूण करायचा आणि म्हणायचा, "वहीत नाही, त्याची चिंता नाही."

आणि गाड्याही तशाच निघाल्या, त्याला काय करायचं! टॅक्सीवाल्याची सहा लाख किलोमीटर धावली आणि एकदाही दोरी लावून ओढायची पाळी आली नाही. एका डॉक्टरीणबाईंना अकरा वर्षांनंतर बॉनेट कुठून उघडतात ते विचारायला यावं लागलं, कारण तोवर गरजच पडली नव्हती. अख्ख्या गल्लीला मिस्त्रीनं पटवून दिलं होतं की माणूस दगा देईल, ही गाडी देणार नाही.

मास्तरांनाही त्यानंच ती घ्यायला लावली. मास्तर म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान, नाकासमोर चालणारा माणूस. मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवला तोही मिस्त्रीनंच, सहा वर्षांपूर्वी. कंपनी असला ब्रेक देत नाही, तो जागेवरच जुळवावा लागतो. मास्तरांच्या पेडलपासून मूळ पेडलपर्यंत एक आडवी दांडी, आणि दोन्ही जोडणारी बोटाएवढी पिन. त्यानंतर दर सहा महिन्यांनी गाडी सर्व्हिसला आली, दर वेळी बासष्ट ओळींपुढे बासष्ट लाल खुणा झाल्या, आणि त्या पिनेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती वहीत नव्हती ना!

मंगळवारी संध्याकाळी फौजदारानं गाडी ओढत आणून टाकली. "तुमच्याइतकं ह्या गाड्यांतलं कुणाला कळतं? तपासा आणि कागद द्या." मिस्त्रीनं वही उघडली. बासष्टच्या बासष्ट ठीक. मग सहज म्हणून तो मास्तरांच्या जागेवर बसला आणि पेडल दाबलं. पाय सरळ पोकळीत गेला. चटई उचलली तर खाली पिन पडलेली, झिजून काडी झालेली.

मग त्यानं पिन खिशात घातली आणि कागदावर लिहिलं, 'कंपनीच्या वहीप्रमाणे तपासणी केली. गाडीत दोष आढळला नाही.' खोटं नाही लिहिलं, असं तो स्वतःला बजावत राहिला. वा रे शहाण्या! खरं तरी कुठे लिहिलंस?

खाई त्याला खवखवे. बहिणीचा रोज फोन यायचा. "दादा, हे जेवत नाहीत रे. भिंतीकडे बघत बसतात. आधी म्हणत होते, मी ब्रेक दाबला होता. तुझा कागद आला तेव्हापासून म्हणतात, गाडीत दोष नाही म्हणजे माझाच पाय उशिरा गेला." आणि हा सख्खा भाऊ काय म्हणायचा, तर, "थोडे दिवस जाऊ देत, होईल ठीक." असा मूग गिळून बसला होता तीन दिवस.

आता तोच कागद वेल्डरच्या मुठीत होता. त्यानं तो मास्तरांच्या रक्ताळलेल्या तोंडावर दाबला. "वाच! तुझ्या मेव्हण्यानंच लिहिलंय. दोष नाही! बाईशी गप्पा छाटत होतास ना? बोल!"

मास्तरांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. हात काही त्यांनी वर केले नाहीत. वेल्डरची लाथ बरगडीत बसली आणि ते कुशीवर पडले. दुसरी पोटात. तेव्हाही ते गप्पच. मार चुकवायलाही अंग चोरेनात. जणू हे आपल्याला मिळायलाच हवं होतं. मिस्त्रीला ते बघवेना.

"थांब!" तो मध्ये पडला. "त्यांनी ब्रेक दाबला होता! वेळेवर दाबला होता, पण तो लागलाच नाही. चूक माझी आहे!"

मग टॅक्सीवालाच म्हणाला, अगदी मायेनं, "मिस्त्री, काहीतरीच काय? ह्या गाडीचा ब्रेक आणि लागणार नाही? सहा लाख झाली माझी. तुम्हीच तर सांगता."

"बघा!" वेल्डर ओरडला. "बहिणीच्या कुंकवासाठी वाट्टेल ते बोलतोय."

मिस्त्रीनं खिशातून पिन काढून त्याच्यासमोर धरली. "ही. ही निघाली होती."

"आज सकाळी काढली असशील!" वेल्डरनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हाताला झटका दिला आणि पिन कुठेतरी टायरांच्या ढिगाखाली गेली. मग त्यानं टॉमी घेतली आणि मास्तरांच्या नडगीवर हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मास्तर त्या दिवशी पहिल्यांदाच ओरडले. टॉमी पुन्हा वर गेली, आणि या वेळी वेल्डरची नजर पायावर नव्हती, डोक्यावर होती.

मिस्त्रीनं आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारली नव्हती. हातात सतरा नंबरचा पाना होता, तो त्यानं जीव खाऊन वेल्डरच्या कोपरावर घातला. टॉमी खणकन् पडली. वेल्डर कळवळून वाकला तशी मिस्त्रीनं त्याच्या केसांत मूठ घातली आणि त्याला फरफटत शेडकडे ओढलं. मागून लोक तुटून पडले. कुणी पाठीत गुद्दे घातले, कुणी कान पिरगाळला, कुणीतरी पत्र्याचा डबा डोक्यात हाणला आणि रक्त डोळ्यात उतरलं. पण मूठ सुटली नाही. एका हातानं त्यानं गाडीचं दार उघडलं आणि वेल्डरचं डोकं डॅशबोर्डखाली, थेट पेडलांपाशी कोंबलं. वर गुडघा दाबून धरला.

"बघ! लोखंडात हयात गेली ना तुझी? पिन बसायची ते दांडीचं भोक बघ! मी आज सकाळी केलंय का ते, सांग!"

वेल्डर हातपाय झाडत होता, शिव्या घालत होता. दातांनी त्यानं मिस्त्रीच्या पोटरीचा लचका तोडला. मग हळूहळू त्याचं झाडणं कमी झालं, आणि शिव्याही थांबल्या, तसे मागून मारणारे हातही थांबले. आत अंधार होता, म्हणून त्यानं बोटानं चाचपलं. मिस्त्रीनं गुडघा काढला तरी तो बाहेर येईना.

"भोक लांबुळकं झालंय," तो आतूनच म्हणाला. "आतल्या कडेला गंज चढलाय. जुना गंज."

"किती वर्षांचा?"

"तीन तरी. चारही असतील." वेल्डर बाहेर आला आणि तिथेच फरशीवर बसला. कोपर पोटाशी धरून तो बोटांवरच्या तांबड्या भुकटीकडे बघत राहिला. "पिन निसटू नये म्हणून स्प्लिट पिन घालतात, ती नव्हती का?"

"असेल, नसेल. मी बघितलीच नाही कधी. वहीत नव्हती." मिस्त्रीनं अंगणात जाऊन टॉमी उचलली आणि त्याच्यापुढे धरली. "तुझा भाऊ माझ्यामुळे गेला. त्यांना सोड. मला मार, हवं तेवढं मार, मी हूं की चूं करणार नाही."

वेल्डरनं टॉमी घेतली नाही. "सावकाश म्हणत होता रे तो मला," एवढंच तो बोलला आणि हमसून हमसून रडायला लागला. मागच्या माणसांनी माना खाली घातल्या. एकदोघं गुपचूप फाटकाबाहेर सटकले. टॅक्सीवाला मास्तरांना पाणी पाजायला वाकला होता.

मास्तरांनी पाण्याचा हात बाजूला सारला. सगळं त्यांनी ऐकलं होतं. मोडका पाय ओढत, कोपरांवर सरकत ते शेडच्या दारापर्यंत आले.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं. फुटक्या दातांमुळे शब्द नीट येत नव्हते.

"भावोजी, बोलू नका आता. गाडी काढतो, आधी दवाखान्यात..."

"कधी कळलं?"

मिस्त्रीच्या हातातली टॉमी खाली लोंबकळत होती. "मंगळवारी," तो म्हणाला. "गाडी आली तेव्हाच."

मास्तरांनी बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरू. "काल दुपारी तुझ्या बहिणीनं माझ्या हातातून दोर काढून घेतला," ते म्हणाले. "पोटाशी धरून बसली होती मला. तसंच बसून तिनं तुला फोन लावला. आठवतं काय बोललास?"

मिस्त्रीला आठवत होतं.

"होईल ठीक, म्हणालास."

मास्तरांनी टॉमीचं दुसरं टोक पकडलं. मिस्त्रीला वाटलं, आधारासाठी पकडलं असेल, म्हणून त्यानं ती सोडली आणि त्यांना उठवायला तो खाली वाकला. मास्तरांनी दोन्ही हातांनी ती त्याच्या तोंडावर घातली. तो पडला. तसे ते एका पायावर रांगत त्याच्या छातीवर आले आणि मारत सुटले, खांद्यावर, गळ्यावर, जिथे लागेल तिथे.

"मास्तर!" वेल्डर ओरडला. तो धावत आला आणि धडधाकट हात त्यांच्या कमरेभोवती घालून त्यांना मागे खेचायला लागला. "मास्तर, सोडा! मरेल तो! अरे धरा रे कुणीतरी, ह्यांना धरा!"